दोन-दोन जाळ

अल्माचे नवे दात बसवण्यात दंतवैद्याने सगळी दुपार घालवली. आम्ही शहरातून उडालो तेव्हा सूर्य क्षितिजाला टेकला होता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. बाबांचं चार आसनी विमान दोन वर्षं चालवत होते. अल्मा आमच्या गुरांच्या कुरणावर स्वयंपाक करायची. पश्चिम क्वीन्सलँडमध्ये तेव्हा एका कुरणाचं घर दुसऱ्यापासून तीस-चाळीस मैलांवर असे, आणि मधे काहीच नसे.

संध्याकाळी दूरदूरच्या रोग्यांना रेडिओवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचं काम आटोपलं की सगळ्या कुरणांवरच्या बायका आपापला रेडिओ उघडून बसत. एकीने बोलायचं, साठ घरांनी ऐकायचं. सगळ्यांत जास्त बोलायची ती नोएला.

"लाव ना गं ते," अल्मा म्हणाली. "नोएलाच्या भावजयीने पुन्हा केक करपवलाय म्हणे."

ऐकायचं मलाही होतं. मी विमानाचा रेडिओ लावला. अर्धा तास आम्ही डोळ्यांत पाणी येईतो हसत होतो. समोरच्या तबकड्यांवरचे दिवे तांबूस झाले, तेव्हा कुठे माझं लक्ष विजेच्या काट्याकडे गेलं. तो शून्याच्या खाली उतरून पडला होता. वीज तयार करणारा जनरेटर केव्हाच बंद पडला होता आणि रेडिओ एकट्या बॅटरीवर चालला होता.

मी रेडिओ बंद केला, पंखांवरचे दिवे बंद केले, आतलेही केले. टॉर्च अल्माच्या हातात दिला.

"होकायंत्रावर धर. माझ्या डोळ्यांत नको."

"पुढचा पंखा फिरतोय ना?"

"फिरेल. इंजिनाची ठिणगी वेगळी असते, तिला बॅटरी लागत नाही. पण वारा आपल्याला किती बाजूला ढकलतोय ते कळत नाही. घर अंधारात हुकलं तर हुकलं."

"पेट्रोल?"

"दीड तासाचं."

चंद्र नव्हता. खाली इतका काळोख होता की आपण वर आहोत की खाली, हेही क्षणभर विसरावं. बॅटरीत एकदाच, थोडंसं बोलण्यापुरता जीव असावा.

"मग बोल की," अल्मा म्हणाली.

 त्या साठ घरांपैकी निम्म्यांनी बाबांना बजावलं होतं, पोरीच्या हातात विमान देऊ नकोस. आणि आता मी त्यांना सांगणार होते की करपलेल्या केकची गोष्ट ऐकत बसले.

"बेरिल, हे दात लावून मी अजून मटणाची साधी चॉपसुद्धा खाल्लेली नाही. बोल!"

मी बटण दाबलं. "मी बेरिल. विमानातली वीज गेली. तुमच्या गप्पा ऐकत होते, काट्याकडे बघितलंच नाही. शहरातून घराकडे निघालोय, निम्मी वाट झाली असावी. मला घर सापडणार नाही."

खरखर. मग नोएलाचा आवाज, नेहमीसारखाच, जणू कुणाला पीठ मळायला सांगतेय. "ऐकलंत ना बायांनो? दोन-दोन जाळ पेटवा. एक मोठा घरापाशी, एक लहान पुढच्या घराच्या..."

तिथेच रेडिओ गेला.

बराच वेळ काही दिसलं नाही. अल्माच्या टॉर्चच्या उजेडात होकायंत्र हिरवट तरंगत होतं. मला वाटू लागलं की आम्ही खूप वर्षं अशाच उडतोय आणि शहर, दात, केक हे सगळं कुणीतरी सांगितलेलं आहे.

मग उजवीकडे, फार दूर, एक ठिणगी. तिच्या शेजारी दुसरी, बारीक.

"तारे आहेत का गं?" अल्माने विचारलं.

"तारे खाली कसे असतील?"

मी वळले. जवळ गेल्यावर मोठा जाळ दिसला आणि पुढे लहान, बोट दाखवावं तसा. त्या दिशेला गेले. वीस मिनिटांनी पुढची जोडी. कुणी कुंपणाचे खांब जाळले होते, कुणी जुने टायर. एका ठिकाणी जाळापाशी एवढीशी माणसं उभी दिसली, कंदील हलवत. त्यांना आमचा फक्त आवाज येत असणार. अल्मा प्रत्येक घराचं नाव पुटपुटत होती. "बोरीन. मग टर्लवेल. इथे ती पांगळी कुत्री आहे बघ." तिला वाट पाठ होती आणि हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आमचं घर आलं तेव्हा पेट्रोल किती उरलंय ते सांगणारी तबकडीही मेलेली होती. बाबांनी धावपट्टीच्या दोन्ही कडांना रॉकेलमध्ये भिजवलेल्या शौचाच्या कागदाच्या गुंडाळ्या दुधाच्या डब्यांत पेटवून ठेवल्या होत्या. दोन पिवळ्या माळा, मधे गुळगुळीत काळोख.

पंखांच्या मागच्या झडपा विजेवर चालत. त्या उतरत नव्हत्या, म्हणजे वेग कमी होणार नव्हता. पुढचा दिवाही नव्हता. मी लगेच न उतरता एक घिरटी घेतली. भीती होती, पण खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच नाही. त्या माळा वरून आणखी एकदा बघाव्याशा वाटल्या.

"उतर आता," अल्मा हलकेच म्हणाली.

जमीन कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. डब्यांच्या ज्योती हळूहळू माझ्या खांद्याच्या उंचीवर आल्या. मी इंजिन मंद केलं आणि हात सैल सोडले. रॉकेलचा वास आत आला, आणि मग चाकांखाली खडी वाजू लागली.