पावडरच्या डब्यातली फक्की

मोडेन पण वाकणार नाही, हा आक्काचा बाणा. पोटची पोरंसुद्धा तिला आक्काच म्हणायची आणि हॉलवर तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. हॉल म्हणजे पूर्वीचं लाकडाचं गोदाम. नवरा गेल्यावर तिने तिथे पेंटबॉलचा खेळ मांडला. पिंपांच्या आड लपायचं आणि हवेच्या बंदुकीने एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारायच्या. घोड्याएवढी झालेली माणसं हे करतात याचं तिला आधी हसू आलं, मग धंदा कळला.

पण बंद छपराखाली रंगाच्या गोळ्या म्हणजे जिवाला घोर. भिंती बरबटायच्या, फरशीवर माणसं घसरायची. म्हणून थोरल्या लेकाने सरावाच्या रबरी गोळ्या आणल्या. त्या फुटत नाहीत. खेळ संपला की झाडून गोळा करायच्या, टबात धुवायच्या, चादरीवर वाळवायच्या आणि पुन्हा बंदुकीत भरायच्या. आक्काला हे फार पटलं. अडचण एवढीच, की रबराचा डाग पडत नाही. ज्याच्या पाठीत गोळी बसायची तोच साळसूदपणे सांगायचा, मला कुठे लागली? पंचाचं काम धाकटी लेक चिमी करायची. शिट्टी फुंकून तिचे गाल दुखायचे, पण भांडणं मिटायची नाहीत.

तोड आक्काने काढली. गोळ्या पावडरीत घोळवायच्या. काळ्या अंगरख्यावर पांढरा ठिपका उठला की खोटारड्याचं तोंड बंद. सगळ्यांनी तिच्या डोक्याची तारीफ केली, सुनेनेसुद्धा, आणि सुनेची तारीफ आक्काला सगळ्यात गोड लागली. पण अंगाला लावायची साधी पावडर लगेच झडून जायची. मग आक्काने मैदानावर रेघा मारायची फक्की आणली, चुन्याची, आणि त्याच पावडरच्या डब्यात भरली. सांगितलं कोणालाच नाही. आपल्या युक्तीला ठिगळ लावावं लागलं, हे कशाला चारचौघांत सांगा.

सून शिकलेली. तिने एकदा विचारलंच, की आई, ही पावडर वेगळी वाटते. आक्का म्हणाली, साधीच आहे, माहेरी कधी बघितली नव्हतीस वाटतं. सुनेने पुन्हा विषय काढला नाही. पुढे आक्काच्या बोटांची टोकं फुटली, चुरचुरू लागली. तिने तेल चोळलं आणि खापर साबणावर फोडलं.

त्या दुपारी एका ऑफिसची मंडळी आली होती. त्यांचा साहेब हटून बसला की मला लागलेलीच नाही. चिमीने शिट्टी मारली आणि त्याची पाठ बघायला गेली. पण हवेत उडालेली फक्की तिच्या मास्कच्या काचेवर बसून बसून काच आंधळी झाली होती. मास्क काढू नका म्हणून दिवसभर दुसऱ्यांवर ओरडणारी पोरगी, तिनेच क्षणभर मास्क कपाळावर सरकवला. पलीकडच्या टोकाला एकाला शिट्टी ऐकू आली नव्हती, त्याने गोळी झाडली. रंगाची गोळी असती तर लोखंडी खांबावर फुटून संपली असती. रबराची खांबावर आपटून उलटी आली आणि चिमीच्या उजव्या डोळ्यात बसली.

थोरला धावला. डोळ्याला मार लागला तर चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही, वर कागदी पेला धरून गाठायचं हॉस्पिटल, हे त्याला शिकवलेलं होतं. त्याने तसंच केलं. त्याचं काही चुकलं नाही. डब्यात काय आहे ते त्याला माहीत नव्हतं.

गाडीत मागे आक्का आणि चिमी. एवढ्या तेवढ्याने रडणारी पोर नव्हती ती, आईच्याच वळणाची. पण मान इकडून तिकडे हलवत होती. जळतंय, म्हणाली. नुसतं दुखत नाही, जळतंय.

सून पुढच्या सीटवरून वळली. "आई, पावडर साधीच आहे ना?"

आक्काला बोटांची टोकं आठवली. खरं ओठांपर्यंत आलं होतं. पण समोर सुनेचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यापुढे खोटं पडायचं म्हणजे उद्यापासून घरात कोण ऐकणार?

"साधीच," ती म्हणाली. "मार बसलाय, जळणारच."

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, सुनेने सांगितलं की रबराची गोळी लागली. नर्सने पेला तसाच ठेवायला सांगून बाकावर बसवलं. आत कोणी तरी आधीचं होतं. चिमी टाच फरशीवर घासत होती. आक्काने तिच्या गालावर हात ठेवला. पेल्याखालून पाणी गळत होतं, पांढुरकं. ते आक्काच्या फुटलेल्या बोटांत शिरलं आणि बोटं अशी चरचरली, की तिने हात मागे ओढला.

नुसत्या बोटांना हे होतं.

"फक्की आहे ती," आक्का फरशीकडे बघत म्हणाली. "चुन्याची."

सून ताडकन उठली. टोमणा मारला असता तर आक्काला बरं वाटलं असतं. तिने चिमीला दंडाला धरून उठवलं, नळाखाली तिचं डोकं धरलं आणि नर्सला हाक मारली. मग डॉक्टर आले. पापणी उलटून आतले चिकटलेले कण काढले आणि बाटल्यामागून बाटल्या पाणी सोडलं. बाहेर येऊन म्हणाले, की नुसता मार भरून आला असता. चुना ओला झाला की डोळा भाजत राहतो. लागल्याबरोबर धुतला असता तर, एवढं बोलून थांबले. पुढचं आक्काला सांगायची गरज नव्हती.

उजव्या डोळ्याने आता उजेड आणि अंधार, एवढंच कळेल, असं ठरलं. मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी धडधाकट बाहेर बसली होती. मोडलं ते लेकीचं.

दुसऱ्या दिवशी आक्का खाटेजवळ गेली. थोरला खिडकीशी उभा राहिला, त्याने आईकडे पाहिलं नाही. चिमीने छताकडे बघत विचारलं, "गाडीत तुला माहीत होतं?"

आक्काकडे नेहमी एकाला दहा उत्तरं असायची.

"होतं," ती म्हणाली.

चिमीने मान वळवली. पट्टी बांधलेली बाजू आईकडे केली आणि तशीच पडून राहिली.