चुकलेल्या थापेची दाद

मनगट दगा देऊ लागलं की जांगू खाली ठेवायचा, हे मी केव्हाच ठरवलं होतं. आजचा जिंदो बेटावरच्या बाजारातला कार्यक्रम शेवटचा. कुणाला सांगितलं नव्हतं, पानदोललाही नाही.

बेचाळीस वर्षं तो शेजारी बसून तारांवर गज फिरवतोय आणि मी हा दुतोंडी ढोल बडवतेय. आमचा पिरी फुंकणारा गेल्या वर्षी वारला. त्याच्या जागी पानदोलने आर्मेनियाचा अर्शाक आणून बसवला. त्याचं लाकडी वाद्य थेट पिरीसारखं रडतं. भाषेच्या नावाने मात्र बोंब.

सूर चांगला लागला की जांगूवाल्याने "ओल्सिगू" म्हणून दाद द्यायची, ही आमची कोरियातली रीत. मी दाद दिली की हा गडी थांबायचा, मान खाली घालायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. तालमीचे तीन दिवस यातच गेले.

"तू खेकसतेस त्याच्यावर," पानदोल म्हणाला.

"दाद देते रे."

"तुझ्या तोंडून ती शिवीच वाटते, ओक-बुन ताई. मलाही पहिली दहा वर्षं वाटायची."

"मग गप्पच बसते. तेवढा जीवही उरलेला नाही माझ्यात."

कार्यक्रमात मी तोंड मिटून वाजवत होते. सगळं मिठाशिवाय शिजवलेल्या पेजेसारखं चाललं होतं. मध्येच मनगटातून कळ गेली आणि डावी थाप पडलीच नाही. पानदोलने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हल्ली तो नेहमीच तसं करतो, आणि त्याची ती दया मला सोसत नाही.

अर्शाकने वाद्य ओठांवरून काढलं. त्याला आमचा एकच शब्द येत होता. तो त्याने माझ्याच कडक आवाजात माझ्याकडे बघून म्हटला, "ओल्सिगू."

बिचारा मला चूक दाखवत होता. पण समोरच्या मासेवाल्या बायकांना ते काय ठाऊक? त्यांनीही शब्द उचलला. "ओल्सिगू, ओक-बुन!"

बेचाळीस वर्षं मी हा शब्द लोकांना वाटला, माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. आला तो चुकलेल्या थापेला. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली.

अर्शाक माझ्यासाठी थांबला होता. चुकलं की पहिल्यापासून, एवढंच तो माझ्याकडून शिकला होता.

मनगट ठणकत होतं. मी पहिल्यापासून सुरू केलं.