पेवाचा धडा

आसाराम मास्तरांच्या हाताखालून गेलेलं पोर धडा विसरलं, असं पारनेरच्या बाजूला कुणी दाखवून द्यावं! विसरेल कसं? धड्यागणिक छडी होती. "पक्कं झालं पाहिजे, पक्कं," म्हणायचे, आणि पोरं अशी पक्की व्हायची की झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवायची. अर्थ? अर्थाचं काय घेऊन बसलात! तो मास्तरांनी कधी सांगितला नाही, आणि कुणाला विचारूही दिला नाही.

त्यांच्या आवडीचा धडा पेवाचा. जमिनीत खोल खणलेलं पेव, त्यात जोंधळा भरायचा, तोंड बुजवायचं आणि अडीनडीला उघडायचं. "पेव उघडताच दोरीने दिवा आत सोडावा. दिवा पेटता राहिला तर उतरावे, विझला तर उतरू नये." सगळी शाळा हे चालीवर म्हणायची. एकदा मास्तरांच्याच लेकीनं, छबूनं, मध्येच विचारलं, "आप्पा, पन दिवा विझतो कशानं?" मास्तरांना तरी कुठं ठाऊक होतं! मग पोटच्या पोरीच्या तळहातावर सपासप छड्या ओढल्या. "पुस्तकात आहे म्हणून विझतो!" त्यानंतर त्या शाळेत कुणी प्रश्न विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

हा धडा सगळ्यांत खणखणीत म्हणायचा कानिफनाथ. मास्तरांचा भारी लाडका. इतका लाडका, की मोठा होऊन तो पलटणीत गेला तेव्हा त्यांनी छबू त्यालाच दिली. "अजून एक अक्षर विसरला नाही," असं सोयऱ्याधायऱ्यांना सांगत फिरले.

लढाई संपली आणि कानिफनाथ घरी आला. येताना एक बॅटरी घेऊन आला. खटका दाबला की उजेड! त्याच साली घरचं पेव काढायचं ठरलं. जावयाचं पेव म्हणून मास्तरही टोपी घालून हजर झाले. पेवं उघडण्याचं काम म्हाताऱ्या गनीभाईंचं. त्यांनी तोंडावरची माती आणि कडबा बाजूला केला, तशी आतून आंबूस वाफ आली.

"दिवा आना," गनीभाई म्हणाले.

दिवा कुठला? रॉकेल रेशनवर, आणि रेशन कधी येईल ते देवाला ठाऊक. घरातला कंदील कोरडा ठणठणीत.

"मी तेलाची पनती करून आनते," छबू म्हणाली.

"कशाला तेल नासतीस? ह्यो बिनतेलाचा दिवा हाय की!" कानिफनाथ हसला आणि त्यानं बॅटरी दोरीला बांधून आत सोडली. तळाचा जोंधळा लख्ख दिसला.

गनीभाईंनी मान हलवली. "ह्ये आपल्याला ठावं न्हाई बाबा. मास्तरांना इचारा."

सगळं गाव मास्तरांकडं बघू लागलं. मास्तरांची छाती अशी फुगली म्हणता! "काय कानिफराव, म्हणा धडा."

कानिफनाथनं टाचा जुळवल्या आणि धडा म्हटला. एक अक्षर चुकलं असेल तर शपथ.

"दिवा पेटता आहे ना?"

"हाय, गुर्जी."

"मग काय करावे?"

"उतरावे!"

"आप्पा," छबू न राहवून पुढं आली, "पन दिवा विझतो कशानं, ते कळल्याबिगर..."

"गप बस! चारचौघांत बापाला शिकवतेस?"

कानिफनाथ दोरी धरून उतरला. डोकं आत गेलं. "गुर्जी..." एवढंच वर ऐकू आलं आणि दोरी ढिली पडली. दोघं-तिघं धावले, त्यांना गनीभाईंनी आडवं होऊन अडवलं, "जाऊ नका, तुमीबी मराल!" विहिरीतल्या बादल्या काढायच्या गळानं ओढून काढला तेव्हा कानिफनाथ निळा पडला होता. बॅटरी मात्र खाली जोंधळ्यावर तशीच जळत होती. जळणारच! दिव्याला माणसासारखी हवा लागते, बॅटरीला कशाला लागेल?

नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन छबूनं वर पाहिलं. "आता तरी सांगा आप्पा. दिवा कशानं विझतो?"

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि सांगायला लाज वाटते, त्या तोंडातून धडाच बाहेर पडला. "पेव उघडताच दोरीने..."

तेरावा उरकला आणि मास्तर शाळेत गेले. फळ्यावर धड्याखाली त्यांनी एक ओळ वाढवली. "बॅटरी सोडू नये." पोरांनी ती चालीवर म्हटली. छबू बापाची भाकरी घेऊन दारात आली होती, कपाळ मोकळं. तेवढ्यात गनीभाईंची नात खातून उठून उभी राहिली.

"गुर्जी, बॅटरी का सोडायची न्हाई?"

छबू बापाकडं बघत राहिली. 'मला ठाऊक नाही पोरी, आपण शोधू,' एवढं म्हणायला काय जात होतं त्या माणसाचं? मास्तरांचे ओठ हललेसुद्धा.

मग त्यांनी छडी उचलली.

"हात पुढं कर."