साबणाने धुतलेले तुंबे

१९७२ साल. त्या वर्षी केनियातल्या नंदीच्या डोंगरात मक्याला दृष्ट लागण्यासारखी कणसं धरली होती. तपकिगेनचा धाकटा मुलगा किप्तू तीन वर्षांनी परदेशातून गुरांचा डॉक्टर होऊन घरी यायचा होता. तिच्या थोरल्या सुनेला, जेसांगला, मात्र ते साल आठवतं ते साबणाच्या एका वडीमुळे.

जेसांग तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि कडेवर अडीच वर्षांची लेक जेलागत होती. चर्चच्या आवारात बायकांसाठी दोन महिन्यांचा वर्ग भरला होता. स्वच्छता, मुलांचं खाणंपिणं, असलं सगळं तिथे शिकवायचे. जेसांग रोज चार मैल चालत जायची. एक दिवस तिथल्या बाईंनी टेबलावर दोन पेले ठेवले. एकात पांढरंशुभ्र दूध होतं आणि दुसऱ्यात मुर्सिक, घरोघरी वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात आंबवतात ते दूध, निळसर राखाडी आणि काळ्या कणांचं. "ही काजळी पोरांना कोण कोण पाजतं?" बाईंनी विचारलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. जेसांगची तर छातीला टेकली, कारण तिच्या सासूच्या मुर्सिकचं नाव चार टेकड्यांवर होतं.

तपकिगेनकडे सात तुंबे होते. सेनेतच्या झुडपाची फांदी पेटवायची, निखारा तुंब्यात घालून आतून घोटायचा, काळी भुकटी भिंतींना बसली की उरलेली झटकायची, मग तापवून निववलेलं दूध ओतून झाकण लावायचं. पाच दिवसांनी उघडायचं. गेली चाळीस वर्षं ती हे करत होती. तुंब्याला पाणी लागायचं ते नुसतं ऊन पाणी आणि ताडाच्या काडीचा कुंचा, दुसरं काही नाही.

एप्रिलात ती लेकीच्या बाळंतपणाला आठ दिवस गेली. जेसांगने सातही तुंबे अंगणात आणले, उकळतं पाणी घेतलं, धुण्याच्या साबणाची अख्खी वडी संपवली आणि आतून घासघासून धुतले. आतून काळं पाणी निघत राहिलं तसा तिला हुरूप चढत गेला. सासू आली की दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं. वाईट काही मनात नव्हतं.

सासू आली ती दमून आली. तिच्या डोळ्यांवर हल्ली थोडा पडदा आला होता आणि वर्षानुवर्षं तपकीर ओढून नाक मेलेलं. तुंबे धुतलेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. जेसांगही, नंतर सांगू, म्हणून गप्प बसली. तपकिगेनने नेहमीसारखा निखारा घोटला आणि दूध भरलं.

पाचव्या दिवशी पहिला तुंबा उघडला. दुधावर फेस, आणि चव कडूजहर. जेसांगच्या नवऱ्याने, किबोरने, पहिलाच घोट अंगणात थुंकला. जेलागतने मात्र तोवर वाटी संपवली होती. ती तीन दिवस ओकत राहिली, पोट धरून रडत राहिली. बाकीचे सहा तुंबेही तसेच निघाले. भोपळ्याच्या सालीने साबण पिऊन घेतला होता.

"आई, अगं हे झालं काय?" किबोरने विचारलं. "चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही."

तपकिगेन तुंबा उलटासुलटा करून बघत होती. जेसांगच्या मांडीवर मलूल पोर. खरं तेव्हाच सांगायचं. पण तिच्या तोंडून दुसरंच निघून गेलं.

"आई, लाकूड कुठनं आणलंत? मला ते सेनेत वाटत नव्हतं."

सासूने वर पाहिलं. "नव्हतं?"

"ओढ्याकाठची दुसरीच फांदी असेल. दिसतात सारखी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, पोरी?"

"तुम्हाला कोण सांगणार?" जेसांग म्हणाली.

हे बोलणं इतकं सुनेला शोभेसं होतं की किबोरनेही मान डोलावली. तपकिगेनने सातही तुंबे उचलून छपराच्या आढ्याला पालथे टांगले. ज्या बाईला लाकूड ओळखता येत नाही तिने आंबवणाला हात लावू नये, एवढंच म्हणाली. आंबवलेल्या बाजरीची आंबूस पेजही त्या दिवसापासून बंद झाली. ती पेज सगळं घर सकाळी पिऊन कामाला जायचं.

मग घरात डब्यातली दूधभुकटी आली, दुकानातला पांढरा पाव आला, आणि तीन वेळा साखरेचा चहा. पहिले काही दिवस जेसांगला सुटल्यासारखं वाटलं. नंतर किबोरचं पोट असं धरलं, की सकाळी तो झुडपात गेला की शेजारी विचारायचे, "परत येणार आहे का, की जेवण तिकडेच पाठवू?" सासऱ्यांची भूक मेली. जेलागत सारखी आजारी पडू लागली आणि हातपाय काडीसारखे झाले. आणि तपकिगेन? ती लाकडं आणायची बंद झाली. भाजी निवडताना पानं सुनेपुढे धरायची, "बघ गं, ह्यात भलतं काही नाही ना?" उंबऱ्यात पाय ठेवतानाही चाचपायची. डोळे तेवढे गेले नव्हते. तिला पटलं होतं की गेले.

जेसांगला ते बघवायचं नाही. सांगायचं ती रोज ठरवायची. एकदा दळताना तोंड उघडलं तर सासूच म्हणाली, "तू होतीस म्हणून लक्षात तरी आलं, नाहीतर मी पोरीला मारूनच टाकली असती." जेसांग खाली बघून दळत राहिली.

ऑगस्टात किप्तूचं पत्र आलं. पुढच्या शनिवारी येतो. इथलं दूध पाण्यासारखं लागतं, दुसरं काही नको, तुझ्या तुंब्यातलं मुर्सिक तेवढं ठेव, असं आईला लिहिलं होतं. लांबून आलेल्या मुलाला फाटकात पहिला घोट आईनेच पाजायचा, ही तिथली रीत. किबोरने पत्र वाचून दाखवलं आणि कुणी कुणाकडे पाहिना.

दुसऱ्या दिवशी तपकिगेनची जाऊ तामिनिंग आली. जिभेला हाड नसलेली बाई.

"काय गं तपकिगेन, लाकूड चुकलं म्हणे तुझं! आता मुलाला काय पाजणार, चहा?"

"तू पाज," तपकिगेन म्हणाली.

"काय?"

"तुझ्या तुंब्यातलं. तुझे डोळे चांगले आहेत. मी मागे उभी राहीन."

तामिनिंगला टोमणा मारायची सवय होती, जिंकायची नव्हती. ती बावचळली. "बघू, बघू," करत निघून गेली.

जेसांगने तरीही चार दिवस घालवले. गुरुवारी दुपारी सासू अंगणात बसून किप्तूसाठी काढलेली घोंगडी हाताने चाचपत होती, डाग आहे का बघायला. जेसांग तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आई, लाकूड सेनेतच होतं."

"काय म्हणतेस?"

"मी तुंबे साबणाने धुतले होते. तुम्ही ताईंकडे गेला होता तेव्हा. सातही. दूध त्याने नासलं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

घोंगडीवरचा तपकिगेनचा हात थांबला.

"शनिवार कधी आहे?"

"परवा."

"दुधाला पाच दिवस लागतात," तपकिगेन म्हणाली. मग घोंगडीची घडी घालत, "साबण लावलास ते कळलं नाही म्हणून. ते मी धरत नाही. पण चार महिने मी स्वतःला आंधळी समजले, जेसांग. तू रोज बघत होतीस."

ओरडली असती तर बरं झालं असतं. जेसांगने पाय धरले. सासूने पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही.

"तामिनिंगकाकूंना सांगू का मी खरं?"

"सांग. पण दूध तिचंच लागेल."

जेसांग तशीच उठून गेली आणि तामिनिंगच्या दारात उभ्याउभ्या सगळं बोलून टाकलं. आता ही टेकडीभर वाजवणार, असं तिला वाटलं होतं. तामिनिंगने कपाळाला हात लावला. "साबण! अगं भवाने, दूध पाजायचं होतं की कपडे धुवायचे होते?" एवढं म्हणाली आणि मग, मीही तिला टोचलं गं, म्हणत चक्क रडायला लागली.

शनिवारी किप्तू आला. अंगात कोट, पायांत बूट, आणि आईला बघताच लहान पोरासारखा चेहरा. तामिनिंगने तुंबा पुढे केला, पण ऐन वेळी स्वतः मागे सरून तो तपकिगेनच्या हातात दिला. तपकिगेन नको नको म्हणत होती, तामिनिंगने तिची बोटं तुंब्याभोवती घट्ट मिटवली. किप्तूने डोळे मिटून मोठा घोट घेतला.

"हीच चव, आई. तीन वर्षं हीच चव आठवत होतो. तुझ्याच हाताची."

फाटकात वीस माणसं होती, आणि निम्म्यांना खरं ठाऊक होतं.

"तिचीच रे, तिचीच," तामिनिंग म्हणाली. "पी मुकाट्याने."

तपकिगेन हसली. मुलासाठी हसली. जेसांगने ते हसणं पाहिलं आणि ती गोठ्यामागे निघून गेली.

पावसाळ्यात भोपळ्याच्या बिया लावल्या. वेल चढला, तुंबे वाळले, पुढच्या वर्षी घरात पुन्हा मुर्सिक झालं. पेजही सुरू झाली, जेलागत भरली, किबोर झुडपातून वेळेवर परत येऊ लागला. तपकिगेनने सुनेला घोटायला शिकवलं आणि हातचं काही राखलं नाही. पण स्वतः फांदी तोडली की पेटवण्याआधी ती सुनेपुढे धरायची, "हेच ना गं?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच खात्री वाटत नसे. "हेच, आई," जेसांग म्हणायची. दर खेपेला, आठ वर्षं.

तपकिगेन १९८१ साली गेली. सासरे तिच्याआधी दोन वर्षं. तामिनिंग नव्वदी ओलांडून, शेवटच्या दिवसापर्यंत लोकांना नावं ठेवत गेली. किप्तूने एल्डोरेत शहरात गुरांचा दवाखाना काढला. त्या दिवशीचा तुंबा कुणाचा हे त्याला कुणी सांगितलं नाही. किबोर गुडघ्यांमुळे घरी बसला आहे, पोटाची तक्रार नाही. जेलागत मुलांच्या शाळेत स्वयंपाकघर बघते आणि पोरांना आंबवलेली पेज देते. जेसांग आता शहात्तरची आहे. तिचे डोळे चांगले आहेत. टेकडीवरच्या नव्या सुना तिच्याकडे तुंबा घोटायला शिकायला येतात. पहिल्या दिवशी ती त्यांना दूध दाखवत नाही. साबणाची गोष्ट सांगते, आणि त्यातलं सेनेतबद्दलचं आपलं खोटं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवते.