कमलचं 'जी'

मध्य प्रदेश नवा नवा होता आणि फर्स्ट इयर सायन्समध्ये आम्हीही. शाळेत प्राणवायू शिकून आलो होतो. कॉलेजात तोच ऑक्सिजन होऊन अंगावर आला. पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग आपटला, तेव्हा केमिस्ट्रीच्या श्रीपाद सरांनी शनिवारचा मदतवर्ग काढला. जे अडेल ते बिनधास्त विचारा, म्हणाले. कोणी काही विचारेल तर शपथ!

वर्गात मुली दोनच, मी आणि कमल. कमलचे वडील प्रतापराव हे होळकरांच्या फौजेतले सुभेदार. फौज गेली, पण घरात सुभेदारी जोरात होती. वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती. "आणखी पोळी?" "जी." मग पोट फुटलं तरी खायची. मुलीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून शनिवारी ते स्वतः पगडी घालून शेवटच्या बाकावर बसत. सहामाहीत नापास झालीस तर कॉलेज बंद, असं त्यांनी बजावलं होतं. त्यावरही कमल 'जी'च म्हणाली होती.

दर शनिवारी शिकवून झालं की सर विचारत, "समजलं नी, कमलबाई?"

"जी, सर."

सर खूश होऊन पुढे जात. आम्हीही माना डोलवत असू. खरं तर 'मोल' हे केमिस्ट्रीतलं माप म्हणजे काय, हे त्या खोलीत एकट्या सरांनाच ठाऊक होतं.

बाहेर आलो की कमल माझ्याजवळ रडायची. "सरला, मला कुछ पण समजत नाही गं!"

"मग सांग ना सरांना!"

"मोठ्यांना नाही कसं म्हणू?"

असा राग यायचा मला तिचा!

सहामाही तोंडावर आली. त्या शनिवारी सर हात झटकत सगळ्या पोरांना म्हणाले, "चला भिया, तुमचं सगळं पक्कं झालं. आता या वर्गाची जरूरत नाही, बंद करू. काय कमलबाई, समजलं नी सगळं?"

कमल उभी राहिली. "जी," ती म्हणाली. सर डस्टर घ्यायला वळले.

"जी, नाही समजलं."

"क्या नाही समजलं?"

"जी... पहिल्या दिवसापासूनचं."

मागे बाक करकरलं. सुभेदार उभे राहिले होते. संपलं हिचं कॉलेज!

"प्रोफेसरसाहेब," सुभेदार खाकरून म्हणाले, "फौजेत मी सारी उमर जी-जी केलं. आधे हुकूम काय होते, ते आजतक माहीत नाही. हिला पहिल्यापासून सांगा."

सर गोंधळून आमच्याकडे वळले. "आणखी कोणाला नाही समजलं?" मग हळूहळू एकेक हात वर झाला, माझासुद्धा. सरांनी फळा पुसला.

कमल अजून उभीच होती. सुभेदारांना लेकीची दया आली.

"बस, बेटा."

"जी नाही," कमल म्हणाली. "आधी मोल."