अर्धा राहिलेला लेख

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात चंद्रप्पा आणि निजामोद्दीन यांच्या संघटनेचं पाक्षिक फुटलं. डाळमिलमधल्या कामगारांची युनियन चालवणारा चंद्रप्पा म्हणायचा, टँकरच्या बातम्या कुठलाही पेपर छापतो, आपण राजकारण सांगायचं. शिकवण्या घेणारा निजामोद्दीन म्हणायचा, घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांना आधी पाणी, मग राजकारण. शेवटी चंद्रप्पानं ‘घण’ काढलं, निजामोद्दीननं ‘पाणंद’. छापखाना मात्र दोघांचा एकच राहिला, किशनरावांचा. तिथंही ते एकमेकांच्या वेळा टाळायचे.

वैशाखात चंद्रप्पाला कावीळ झाली. त्याची बायको गुरम्मा छापखान्यात आली, तेव्हा निजामोद्दीन प्रुफं तपासत होता.

“निजामभाई, अंक अडकलाय. डोळे हळदीवानी झालेत, तरी अंक अंक करून राहिलेत. तुमी काढता का?”

“काढतो, वहिनी.”

अंकातला मुख्य लेख त्याच्यावरच होता. त्यात त्याला ‘टँकरचा मुनीम’ म्हटलेलं होतं. निजामोद्दीननं ओठ चावत तो वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि खिळे जुळवायला दिला. पण लेख मध्येच थांबला होता. शेवट नव्हताच.

तो चंद्रप्पाकडं गेला. चंद्रप्पा ग्लानीत होता, बोलण्याच्या स्थितीत नव्हता. निजामोद्दीन थोडा वेळ त्याचे पाय दाबत बसला आणि परत आला.

मग तो शेवट त्यानंच लिहिला. चंद्रप्पा काय म्हणेल हे त्याला ठाऊक होतं. दोघं कॉलेजपासून भांडत आले होते. ‘टँकर मागणाऱ्यांनी एकदा हेही विचारावं,’ त्यानं लिहिलं, ‘की विहिरी कोरड्या पडल्या, तरी शेजारचा ऊस हिरवा कसा?’ लिहिता लिहिता त्याचा हात थांबला. हा प्रश्न ‘पाणंद’नं कधीच विचारला नव्हता.

अंक निघाला. तो घेऊन निजामोद्दीन गेला तेव्हा चंद्रप्पा उशीला टेकून बसला होता. त्यानं लेख शेवटपर्यंत वाचला.

“ह्ये शेवटचं मी लिहिलेलं न्हाई.”

“हाव. मी लिहिलं. चुकलं का?”

“चुकलं न्हाई. माझ्याहून कडक हाय.” चंद्रप्पा छताकडं बघत राहिला. “पण माझा शेवट दुसरा होता. निजामोद्दीनला संघटनेतून काढा, असं लिहायचं होतं.”

निजामोद्दीननं त्याची उशी सरळ केली. “ते मला सुचलं न्हाई,” तो म्हणाला.

“मला सुचलं होतं. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. हातातनं उतरंना.” चंद्रप्पानं अंक बाजूला ठेवला. “कावीळ नंतर झाली रे.”

गुरम्मानं पेल्यात उसाचा रस आणून ठेवला. चंद्रप्पानं पेल्याकडं पाहिलं, मग अंकाकडं.

“आता ह्यो प्यायचा का न्हाई, तूच सांग.”

“पी की. काविळीला चालतो. राजकारण पुढच्या अंकात.”

दोघंही हसले. हसताना चंद्रप्पाला ठसका लागला, तसा निजामोद्दीननं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दोन्ही पाक्षिकं काही एक झाली नाहीत. ‘पाणंद’च्या पुढच्या अंकात पहिल्या पानावर उसाच्या पाण्याचा हिशेब मागितला होता. चंद्रप्पानं अंथरुणातूनच निरोप धाडला, मथळा लई मवाळ झालाय.