थांबाकाकांची फाइल

"अहो, कोण गेलं?" बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. थांबाकाका कॉम्प्युटरसमोर चेहराच तसा करून बसले होते.

"गेलं नाही कोणी. जाणार आहे. माझी फाइल."

"हात्तिच्या!" म्हणत ती भाजी चिरायला वळली.

तिला हात्तिच्या म्हणायला काय जातंय! ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात कर्नल नावाचा गाभा असतो. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला सगळे प्रोग्राम, आणि मधला कारभारी म्हणजे हा कर्नल. त्यात काकांनी उमेदीच्या वयात एक फाइल लिहिली होती. मेमरीची चिप बिघडली किंवा प्रोसेसरनं बोंब ठोकली तर काय करायचं, ते त्या फाइलमध्ये होतं. उत्तर बहुतेक वेळा एकच असे: यंत्र थांबवा. खोटे आकडे घेऊन चालण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, हा काकांचा बाणा. त्यावरूनच ऑफिसनं त्यांना थांबाकाका केलं आणि काकांनी ते नाव पदवीसारखं मिरवलं. बढत्या मिळाल्या त्या नव्या नव्या सोयी लिहिणाऱ्यांना. यंत्र नीट बंद पडलं म्हणून कोणी कोणाची पाठ थोपटत नाही. पण तो कर्नल जिथे जिथे चालत होता तिथे तिथे काकांची फाइल होती, आणि निवृत्त झाल्यावर एवढी गोष्ट त्यांना पुरत होती.

आता तीच साफसफाईत निघाली होती. आणि झाडू कोणाच्या हातात? काकांच्याच हाताखाली शिकलेल्या पोरीच्या. कर्नलचा तो भाग आता तीच सांभाळायची. मधल्या काळात ज्यानं त्यानं येऊन फाइलवर ठिगळं लावली होती, एकच काम पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी होत होतं. तिनं ते सगळं एका जागी आणलं. शिवाय नवा नियम केला: सगळं यंत्र थांबवायचं नाही, मेमरीचा बिघडलेला तुकडा बाजूला काढायचा आणि त्यावर उभा असलेला प्रोग्राम तेवढा बंद करायचा. हे सगळे बदल पॅचच्या, म्हणजे एकेका सुट्या बदलाच्या, मालिकेत सर्वांना वाचायला मेलवर आले होते. शेवटच्या पॅचमध्ये लिहिलं होतं, जुनी फाइल काढून टाकत आहे.

सुनेच्या स्वयंपाकात खडा शोधणाऱ्या सासूसारखे काका वाचायला बसले. आणि खडा सापडला की! जुन्या फाइलमध्ये एका बिघाडाची व्यवस्था लावून झाली की तीच तपासणी पुन्हा एकदा होत असे. पोरीला वाटलं, एकच गोष्ट चुकून दोनदा लिहिली गेली आहे. तिनं दुसरी उडवली होती.

"सापडली!" काका ओरडले.

"आता काय?" बायको हात पुसत आली.

"चूक आहे तिची. काम कच्चं आहे एवढं मी चारचौघांत लिहिलं की सगळी मालिका परत जाणार. फाइल बचावली माझी."

"आणि तिचं काम चांगलंय की वाईट?"

खोटं बोलायची काकांना सवयच नव्हती.

"चांगलंय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलंय."

"मग आडवे कशाला पडताय?"

काकांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं: "तिसऱ्या पॅचमध्ये दुसरी तपासणी उडाली आहे. ती परत आणावी. बाकी उत्तम." शेवटचे दोन शब्द लिहिताना त्यांच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी लॅपटॉप घेऊन दारात हजर.

"सर, मी सगळं तपासलंय हो. मुद्दाम खोटे बिघाड घालून घालून बघितलंय."

"एकेकच घातलास ना?"

"हो."

"संकट कधी एकटं येतं का गं? पाठोपाठ दोन घाल."

तिनं लॅपटॉपवरून ऑफिसातल्या चाचणीच्या यंत्रात दोन बिघाड पाठोपाठ सोडले. पहिला पकडला गेला. त्याची व्यवस्था लागते आहे तोवर दुसरा गुपचूप निसटला, आणि यंत्र आनंदानं चुकीच्या बेरजा देत राहिलं. पोरीचा चेहरा उतरला.

"बाप रे! हे असंच बाहेर गेलं असतं तर? पण सर, दोनदा का तपासायचं ते तुम्ही तिथे लिहायचं तरी!"

"मला वाटलं, कळेल की कोणालाही."

"नाही कळलं!"

स्वयंपाकघरातून बायको खो खो हसली. "घरातही असंच करतात गं हे!"

मग तिघंही हसले. पोरीनं तपासणी परत बसवली आणि यावेळी कारणही लिहिलं. पुन्हा दोन बिघाड सोडले. दोन्ही पकडले गेले, दोन प्रोग्राम बंद झाले आणि बाकीचं यंत्र काही झालंच नाही अशा थाटात चालू राहिलं. जन्मभर यंत्रं थांबवलेला माणूस पडद्याकडे बघत राहिला. ही आपली विद्यार्थिनी, या विचारानं काकांचा ऊर भरून आला.

"नाही थांबलं गं," ते म्हणाले. "पाठव आता."

"पाठवते. पण शेवटचा पॅच मी मागे घेतलाय."

"का? जुनी ठेवू बिवू नकोस हं. दोन्ही राहिल्या तर घोळ होईल."

"ठेवत नाही, सर. पण ती माझ्या हातून जायला नको. तुम्ही काढा."

कर्नलच्या इतिहासात प्रत्येक बदलाशी करणाऱ्याचं नाव कायमचं राहतं. काढून टाकणाऱ्याचंही. खुर्ची पुढे ओढून काकांनी फाइल काढून टाकली. बदलाचं कारण द्यावं लागतं, तिथे लिहिलं: "हे काम आता दुसरीकडे अधिक चांगलं होतं." खाली पूर्ण नाव टाकलं आणि पॅच पाठवून दिला.

तो तिच्या लॅपटॉपवर आला. आता तिनं तपासून मान्य म्हणायचं होतं. आजवर तिचे पॅच काका तपासत आले होते. काढून टाकायच्या ओळी खरं तर कोणी वाचत नाही, वर नाव बघतात आणि मान्य करतात. ती मात्र पहिल्या ओळीपासून वाचू लागली. एकेक ओळ, सावकाश. काका शेजारी ताठ बसून राहिले, ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत.